अननसात मुक्काम करण्यापूर्वी

महोदय,

उन्हाळ्यात ब्रिटनला निघालेली मराठी कुटुंबं हल्ली हॉटेल सोडून खेड्यातली जुनी घरं भाड्याने घेतात. विचार चांगला, पण घराचं वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं. स्कॉटलंडमधलं डनमोरचं ‘पाइनॅपल’ बघा. अठराव्या शतकातली, दगडात कोरलेल्या भल्यामोठ्या अननसाची ही इमारत. तिच्या एका बाजूला झोपायच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर. सकाळच्या चहासाठी पावसातही बाहेरून जावं लागतं! ती चालवणारा ‘लँडमार्क ट्रस्ट’ १९६५ पासून अशा पडीक वास्तू दुरुस्त करून भाड्याने देतो. भाडं माणशी नसतं, अख्ख्या घराचं असतं. टीव्ही, वायफाय मुद्दाम ठेवत नाहीत.

खेड्यात एकच पोस्टकोड (तिथला पिनकोड) मैलभर पसरलेला असू शकतो, त्यामुळे तो टाकून नकाशावर विसंबू नये. मालकाने पाठवलेला रस्ता छापून घ्यावा. एकच गाडी मावेल अशा अरुंद रस्त्यावरच्या रुंद जागा समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी असतात, फोटोसाठी गाडी लावायला नव्हे. इंग्लंडमध्ये मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडी असतात, तेव्हा किराणा शनिवारीच भरावा.

खोली गरम करणाऱ्या, काचेच्या दाराच्या शेगडीत ओली लाकडं घातली की धूर होतो, काच काळी पडते, धुराड्यात डांबर साचतं आणि पुढे तेच पेट घेतं. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या आतच हवा. शौचकूप सेप्टिक टँकवर असेल तर ओले वाइप्स त्यात टाकू नयेत, पाइप तुंबतो. आणि फोडणी देताना आधी खिडकी उघडा. धुराचा अलार्म मोहरी तडतडायचीही वाट बघत नाही.

– एक वाचक, पुणे