बाबा, ते एकशेवीस रुपये भरू द्या

ती. आई-बाबा,

कोपरखैरणे ते ठाणे लोकलने अर्धा तास पण लागत नाही आणि मी पत्र लिहितेय, हसू नका. समोर बसून औषधांचा विषय काढला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि आई चहा टाकायला उठते, फोनवर तर "सगळं बरंय" च्या पुढे काही निघतच नाही, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट टाइप करून पाठवावं, वाचून झाल्यावर काय ओरडायचं ते ओरडा.

मागच्या रविवारी आले होते तेव्हा फ्रिजवरचा तो बिस्किटांचा डबा उघडला, बाबांच्या गोळ्यांचा. सकाळची ती महागातली गोळी, त्याला रबर लावून मेडिकलवाल्याचं बिल गुंडाळलेलं, गणपतीच्या आदल्या आठवड्यातलं, तीस गोळ्यांचं. दसरा होऊन गेला तरी त्यातली एक स्ट्रिप अख्खी शिल्लक, फॉइलला नख पण लागलेलं नाही. मी कॉमर्सवाली आहे बाबा, चाळीस दिवसांत वीस गोळ्या म्हणजे दिवसाआड चाललंय हे मला कळतं. आणि आई, तुला हे माहीत होतं. तुझ्यावरचा राग वेगळा आहे, तो भेटल्यावर.

का चाललंय तेही कळतं. साठ रुपयाच्या आसपास एक गोळी, महिन्याला अठराशे फक्त तिचे, वर ती दिवसातून दोनदा घ्यायची जोडगोळी, आईचं इन्सुलिन वेगळं. आणि ईपीएसची पेन्शन किती येते हे पासबुकात बघितलंय मी, त्यात बाबांच्या एकट्याच्या गोळ्या पण बसत नाहीत. पण दिवसाआड घेऊन ती गोळी अर्धं काम करेल असं नसतं ना. ती साखर लघवीवाटे बाहेर काढते, गोळी चुकली की ते काम कमी होत जातं, आणि डॉक्टरांनी ती नुसती साखरेसाठी दिलेलीच नाहीये, लघवीत प्रोटीन जायला लागलं म्हणून किडनी आणि हार्ट सांभाळायला दिलीय. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, सातच्या जरा वर होता तो आता नऊला टेकलाय आणि वर बाबा मला सांगतात की दिवाळीचा फराळ लवकर सुरू झाला म्हणून.

मी पैसे देते म्हटलं की बाबांचं ठरलेलं वाक्य येतं, आपण आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही. ठीक आहे, नका पसरू. म्हणून माझ्या पैशाचं शेवटी बोलते, आधी तुमच्याच पैशाचं बोलूया.

रबाळ्याच्या कंपनीत पगाराच्या स्लिपवर ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, आकडा कापलेला असायचा, आठवतंय? पावणेदोन टक्के कापायचे तेव्हा कामगाराचे, आणि मालकाचे पावणेपाच. (२०१९ च्या जुलैपासून ते पाऊण आणि सव्वातीन झालं, पण तुम्ही २०१८ लाच रिटायर झालात, म्हणजे तुमचे पूर्ण रेटनेच गेले.) दर महिन्याला तुम्ही त्या आकड्यावर चिडायचात, एकदा पण कामगार हॉस्पिटलची पायरी चढलो नाही आणि फुकट पैसे जातात म्हणून. तर ऐका, ते फुकट गेले नाहीत. ज्याने किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये काढली आणि जो वयोमानाने रिटायर झाला तेव्हा ईएसआयमध्येच होता, त्याला रिटायर झाल्यावर पण वैद्यकीय सेवा मिळते, स्वतःला आणि बायकोला. त्याचे वर्षाला किती भरायचे माहितेय? एकशेवीस रुपये. महिन्याचे दहा. आपल्या नाक्यावर त्यात धड दोन वडापाव येत नाहीत. डॉक्टर, तपासण्या, गोळ्या, इन्सुलिन, गरज पडली तर ॲडमिट, सगळं त्यात येतं.

हे मला ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं, त्यांचे सासरे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात होते, ते कित्येक वर्षं असंच औषध घेतायत. मला आधी पटलंच नाही, मग नियम काढून वाचला तर खरंच आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तुमच्या वयाचे किती कामगार रिटायर झाले असतील आणि त्यातल्या निम्म्यांना तरी हे माहीत असेल का शंका आहे, कारण कंपनी घड्याळ देते, शाल देते, नारळ देते, हे कोणी सांगत नाही. तुमच्या सकाळच्या कट्ट्यावर सांगा सगळ्यांना. ज्यांचा पगार शेवटी एकवीस हजारांच्या वर गेला आणि म्हणून जे ईएसआयमधून बाहेर पडले, त्यांच्यासाठी पण २०२४ ला ईएसआयसीने, म्हणजे ईएसआय चालवणाऱ्या सरकारी संस्थेने, दार थोडं उघडलंय, त्यांना ऑफिसात जाऊन चौकशी करायला सांगा. तुमचं तसं नाही, तुमचा पगार शेवटपर्यंत आतच होता (पहिल्यांदाच कमी पगाराचा काहीतरी उपयोग झाला असं म्हणू नका, मला माहितेय तुम्ही म्हणणार).

मी तुमच्या जुन्या ऑफिसात फोन करून ठेवलाय, रिटायरमेंटचा दाखला द्यायला तयार आहेत. विमा नंबर तुमच्या स्लिपवर आहे, दहा आकडी, पण मूळ ओळखपत्र मिळालं तर बरं, ते बहुतेक लोखंडी कपाटात एलआयसीच्या फाइलमध्ये आहे, आई बघ जरा. ईएसआयच्या ऑफिसात लाइन असेल, हो असेल. तुम्ही बँकेत पासबुक भरायला तास तास उभे राहता ते चालतं, मग इथे काय झालं.

आता ते होईपर्यंत काय करायचं ते. मी परवा तुमच्या डॉक्टरांना जाऊन भेटले, तुम्हाला न सांगता, सॉरी नाही म्हणणार. त्यांना सरळ सांगितलं की परवडत नाही म्हणून बाबा गोळ्या चुकवतायत. ते अजिबात चिडले नाहीत, उलट म्हणाले पेशंट हे बोलतच नाहीत, आम्हाला वाटतं औषध लागू पडत नाहीये आणि आम्ही डोस वाढवत बसतो. हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. म्हणजे बघा, पैसे वाचवायला गोळी चुकवायची, साखर वाढली म्हणून अजून एक महाग गोळी वाढायची, मग ती पण चुकवायची.

तर त्या महागाच्या गोळीतलं जे मूळ औषध आहे ना, एम्पाग्लिफ्लोझिन, त्याचं पेटंट २०२५ च्या मार्चमध्ये संपलं. तेव्हापासून आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांनी तेच औषध काढलंय आणि साठची गोळी दहा-पंधरा रुपयांवर आलीय. तेच औषध, तेवढाच डोस. तुमच्या चिठ्ठीवर मात्र जुन्या ब्रँडचंच नाव होतं, आणि चिठ्ठीवर ब्रँड लिहिला की केमिस्टला परस्पर दुसरा द्यायची परवानगी नसते, तुमचा तो मेडिकलवाला तर स्वस्तातलं आहे हे सांगायच्या पण फंदात पडला नाही. आता डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव टाकून नवी चिठ्ठी दिलीय, फोटो पाठवलाय व्हॉट्सॲपवर.

जोडगोळीचं पण तसंच. सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ च्या जुलैमध्येच संपलं आणि त्याच वर्षी ती जोडगोळी जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारच्या स्वस्त औषधांच्या दुकानात, आली, तुमचीच ५०/५०० वाली, दहा गोळ्या ६५ रुपयांना ठेवली होती. तीन वर्षं होऊन गेली त्याला! आणि आपण दुप्पट-तिप्पट मोजत बसलोय. स्वस्त म्हणजे हलकं हे मला माहितेय तुम्ही म्हणणार, चपलेच्या बाबतीत मी पण म्हणेन, पण जनऔषधीचा माल डब्ल्यूएचओ-जीएमपी, म्हणजे चांगल्या उत्पादनपद्धतीचं प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यातूनच घेतात आणि प्रत्येक बॅच लॅबमध्ये तपासून मगच दुकानात येते. ब्रँडवाल्या गोळीत तुम्ही कंपनीच्या जाहिरातीचे आणि डॉक्टरांकडे फिरणाऱ्या एमआरच्या पेट्रोलचे पण पैसे भरता. तरी विश्वास नसेल तर ग्लुकोमीटर आहेच ना घरी, गोळी बदलल्यावर पंधरा दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर बघा आणि वहीत लिहा, तीन महिन्यांनी एचबीएवनसी करू, आकडाच सांगेल. एक आहे, जनऔषधीत माल कधी कधी संपलेला असतो, तेव्हा शेवटची गोळी हातात घेऊन जायचं नाही, आठवडाभर आधी जायचं. माझ्या फोनवर जनऔषधी सुगम ॲप आहे, त्यात जवळचं केंद्र आणि किंमत दोन्ही दिसतं, आईच्या फोनवर पण टाकून देते.

आई आता तुझं. शेजारच्या काकू म्हणाल्या म्हणून पेन सोडून बाटलीवालं इन्सुलिन आणायचं तू मनातल्या मनात ठरवलंयस, मला कळलंय. बाटली स्वस्त पडते हे खरं आहे. पण तुझ्या पेनातलं आणि त्यांच्या बाटलीतलं इन्सुलिन एकाच जातीचं नाही, ते किती वेळ आणि कसं काम करतं ते वेगळं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही म्हणजे नाही. आणि उद्या त्यांनी दिलंच तर सुई नीट बघून घ्यायची, आपल्याकडे बाटली बहुतेक ४० ची (एका मिलीत ४० युनिट) असते, तिला लाल टोपीची ४० चीच सिरिंज लागते, केशरी टोपीची १०० ची असते. त्यांची अदलाबदल झाली तर डोस अडीच पटीने इकडे नाहीतर तिकडे होतो, आणि साखर एकदम खाली गेली तर पहाटे दोन वाजता तिसऱ्या मजल्यावरून तुला खाली कोण आणणार, लिफ्ट तर सोसायटीच्या मीटिंगमध्येच अडकलीय. डॉक्टरांकडे पुढच्या वेळी मी पण येते, हे तिथेच विचारू.

आत्याच्या त्या सत्तरीच्या कार्डाबद्दल फॉरवर्ड फिरतोय ना फॅमिली ग्रुपवर, आयुष्मानच्या, की सगळी औषधं फुकट. तसं नाहीये. सत्तरच्या वरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांपर्यंत उपचार हे खरं आहे, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, पण ते हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावर. रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. महात्मा फुले योजनेचं पण तेच, ॲडमिट व्हायच्या वेळी रेशनकार्ड हाताशी असू दे एवढं लक्षात ठेवा. आत्याने कार्ड काढलं ते चांगलंच केलं, बाबा तुम्हाला अजून पाच वर्षं आहेत.

आणि आता माझे पैसे. होम लोनमुळे मी इन्कम टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये आहे. तुम्ही दोघं साठीच्या वर, मेडिक्लेम कोणाचाच नाही, अशा वेळी आई-वडिलांच्या औषधपाण्यावर मी केलेला खर्च टॅक्सच्या नियमाप्रमाणे वर्षाला पन्नास हजारांपर्यंत माझ्या उत्पन्नातून वजा होतो. अट एवढीच की रोख द्यायचे नाहीत. म्हणजे ईएसआयचं मार्गी लागेपर्यंत आणि लागल्यावर सुद्धा जे तिथे मिळणार नाही ते, सगळं मी यूपीआयने भरणार, बिलं माझ्याकडे द्यायची, मार्चमध्ये माझा टॅक्स वाचेल. ह्यात कोणी कोणापुढे हात पसरलेला मला तरी दिसत नाही. आई, तू भिशीचे पैसे बाबांच्या गोळ्यांना घालतेस ते बंद कर, ते तुझ्या गुडघ्यांसाठी ठेवलेले आहेत असं तूच म्हणाली होतीस.

सोमवारी ईएसआयच्या ऑफिसात जायला मी सुट्टी टाकलीय. दहाला घरी येते, बाबांनी आंघोळ करून तयार राहायचं, आधार कार्ड, बँक पासबुक, दोघांचे दोन-दोन पासपोर्ट फोटो, आणि फोटो आत्ताचे पाहिजेत, ते मिशीवाले नाही. जुन्या स्लिपा मिळतील तेवढ्या सगळ्या पिशवीत टाका, कुठली लागेल सांगता येत नाही. आणि त्या शिल्लक स्ट्रिपमधली गोळी उद्या सकाळपासून रोज एक, दहा दिवस पुरेल, तोवर नवीन घेऊन येते. गोळी घेतल्यावर रिकाम्या फॉइलचा फोटो टाका मला, आईला टाकायला लावू नका, स्वतः टाका, क्रिकेटचे मीम बरोबर टाकता येतात तुम्हाला.

तुमची,
ताई

ता. क. डॉक्टर म्हणाले ह्या गोळीवर पाणी भरपूर प्यायचं, आणि एकादशीचा निर्जळी उपास बंद. हे आईने बाबांना सांगायचं, माझं ऐकणार नाहीत.