जुन्या गाडीचं ऑइल : आधी मोजा, मग इंजिन खोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या गाड्यांचं मायलेज, त्यांचे पडदे, त्यांची सनरूफ यांवर वर्तमानपत्रांत पानंच्या पानं येतात. पण सात-आठ वर्षं वापरलेली गाडी घेऊन तीच नेटाने चालवणारी माणसंही कमी नाहीत. त्यांना सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे इंजिन ऑइल, आणि त्यावर क्वचितच काही वाचायला मिळतं. या एका गोष्टीने माझं जे नुकसान झालं ते इतरांचं होऊ नये, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी मी सात वर्षं वापरलेली एक डिझेल गाडी घेतली. पाहायला गेले तेव्हा विकणाऱ्याने स्वतःहून बॉनेट उघडलं, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून कापडावर पुसली आणि माझ्यासमोर धरली. ऑइल मधासारखं सोनेरी होतं. मला वाटलं, माणसाने गाडी जपली आहे. डिझेल इंजिनातलं ऑइल काजळीमुळे काहीशे किलोमीटरांतच काळं पडतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलेलं नव्हतं. डिझेल गाडीत सोनेरी ऑइल दिसलं तर ते काल-परवा बदललेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. त्याआधी ते किती हजार किलोमीटर तसंच फिरत होतं, हे त्या रंगावरून कळत नाही.

चौथ्या महिन्यात सिग्नलला थांबले की डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. इंजिन गार असताना नाही, तापल्यावरच. ॲक्सिलरेटर जरा दाबला की विझायचा. मी डिपस्टिक पाहिली तर ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं. मग दिवाच खराब असणार, असं मी समजले. गॅरेजमध्येही तेच ठरलं. ऑइल प्रेशरचा स्विच बदलला आणि “इंजिन जुनं आहे, जरा जाड ऑइल टाकू” म्हणून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल भरलं. दिवा शांत झाला. मी निर्धास्त झाले आणि सहा आठवडे रोज गाडी चालवली.

तो लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब सांगतो. टाकी काठोकाठ भरलेली असते आणि नळाला पाणी येत नाही, तसंच हे. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्रात, ऑइल भरपूर होतं, पण पंपापर्यंत पुरेसं पोहोचत नव्हतं. जाड ऑइलमुळे दाब जेमतेम इतका वाढला की दिवा लागेना, पण मूळ अडथळा जागच्या जागी राहिला. एके दिवशी चढावर खालून ठक-ठक आवाज यायला लागला आणि मी गाडी बाजूला घेऊन बंद केली.

दुसऱ्या मेकॅनिकने चेंबर उतरवलं तेव्हा मी शेजारी उभी होते. पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो ती जाळी त्याने माझ्या हातात दिली. बहुतेक भोकं डांबरासारख्या काळ्या गाळाने बुजली होती, कडेला बोटभर जागा तेवढी मोकळी. मग त्याने कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचे दोन अर्धे भाग तळहातावर ठेवून दाखवले. वरचा राखाडी थर घासून गेला होता आणि खालचं तांबूस धातू उघडं पडलं होतं. क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, नखाला लागतील असे ओरखडे. त्याचा अंदाज असा की गाडी आधी बराच काळ ऑइल न बदलता चालवली गेली, आत गाळ साचला, आणि विकण्याआधी फ्लश मारून, म्हणजे गाळ सुटवणारं द्रव्य आत फिरवून, नवं ऑइल भरलं. फ्लशने सुटलेला गाळ जाऊन बसला जाळीवर. क्रँक ग्राइंड करून घ्यावा लागला, बेअरिंग, ऑइल पंप, सगळी पॅकिंगं नवी घातली आणि टर्बोही (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) बदलावा लागला. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते आणि ती तरंगते ऑइलच्याच पातळ थरावर. तिथे ऑइल कमी पडलं की ती टिकत नाही. गाडी घेताना मोजलेल्या रकमेच्या जवळजवळ निम्मी रक्कम या कामात गेली.

आणि हे सगळं एका साध्या तपासणीने टळलं असतं. प्रेशरचा स्विच काढायचा, त्याच भोकात दाबमापकाची नळी बसवायची, इंजिन तापवायचं, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) आणि वाढवलेल्या आरपीएमवर (फेऱ्यांवर) काटा किती दाखवतो ते पाहायचं, आणि आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचा. बहुतेक गाड्यांत हे फार मोठं काम नाही. स्विच खराब आहे की दाबच नाही, ते तिथेच कळतं. माझ्या गाडीत कोणी मोजलं नाही, आणि मोजा म्हणून सांगण्याचं मलाही सुचलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ऑइलच्या तक्रारीत पार्ट बदलण्याआधी किंवा इंजिन खोलण्याआधी मोजलं पाहिजे, आणि ते आकडे ग्राहकाला लिहून दिले पाहिजेत. माझ्या बाबतीत न मोजल्यामुळे मोठा बिघाड किरकोळ समजला गेला. उलटही होतं, आणि ते मी गेल्या वर्षी घरातच पाहिलं.

माझ्या धाकट्या भावाची पेट्रोल गाडी ऑइल खायला लागली. आठशे किलोमीटरला एक लिटर. सकाळी पहिल्यांदा चालू केली की मागून निळसर धूर, मिनिटभरात तो गायब. शिवाय गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या सांध्यातून थेंब पडायचे. एका गॅरेजने गाडी पाहता पाहता निकाल दिला : पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन (इंजिन खोलून रिंगा वगैरे बदलणं) करावं लागेल, क्रँकचं मागचं सीलही गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ते सील म्हणजे हातात मावणारी एक रबरी कडी, पण तिच्यापर्यंत जायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, आणि सगळी मजुरी तिथेच जाते. भाऊ हो म्हणणारच होता. मी त्याला थांबवलं.

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासून घेतलं. चारही सिलिंडरचे आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे आले. एखादा कमी आला असता तर त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजायचं असतं : आकडा चढला तर दोष रिंग-पिस्टनकडे, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगकडे). इथे तेवढीही वेळ आली नाही. कॉम्प्रेशन चांगलं असूनही ऑइलची रिंग कार्बनने चिकटलेली असू शकते, हे खरं. पण मग धूर गाडी ओढताना दिसायला हवा होता. तो फक्त सकाळी दिसायचा. रात्रभर व्हॉल्व्हच्या दांडीवरून झिरपलेलं ऑइल पहिल्या मिनिटात जळतं, त्याचा तो धूर. ते ऑइल अडवणारी व्हॉल्व्ह सीलं बदलायला त्या इंजिनात हेडसुद्धा उतरवावं लागलं नाही. सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून व्हॉल्व्ह जागेवर ठेवले आणि वरूनच काम झालं.

आणि गळती? इंजिन बाहेरून स्वच्छ धुतलं, दोन दिवस चालवलं आणि मग टॉर्च घेऊन वरून खाली पाहत गेलो. ऑइल टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून निघून इंजिनाच्या पाठीवरून ओघळत गिअरबॉक्सच्या सांध्यावर येत होतं. मागचं सील ठणठणीत होतं. ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह मात्र चिकटून बसला होता. इंजिनातला वायू बाहेर पडायला वाट राहिली नाही की आत दाब साठतो आणि जिथे पॅकिंग कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं. हा व्हॉल्व्ह बदलला, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. आता ती गाडी चार हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल घेते. कित्येक कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काहींत त्याहूनही जास्त ऑइल लागणं सामान्य म्हटलेलं असतं, त्यामुळे भावाला आता काळजी नाही.

याचा अर्थ ऑइल खाणारी गाडी तशीच चालवत राहा, असा नाही. जळलेल्या ऑइलमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) खराब होतो, आणि तोही खर्चिक पार्ट आहे. शिवाय अशा गाडीत पातळी कधी खाली गेली ते लक्षात येत नाही. अनेक गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं. लिटरभर कमी झालं की तुम्ही खालच्या खुणेवर. म्हणून जुनी गाडी असेल तर दर दुसऱ्या इंधन भरण्याला सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. वरच्या खुणेच्या पुढे मात्र भरू नये : क्रँक ऑइलात आपटून फेस करतो, आणि फेसाने वंगण होत नाही.

डिझेल गाडीवाल्यांना एक वेगळी सूचना. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत सतत छोट्या फेऱ्या झाल्या की फिल्टरमधली काजळी जाळायची सफाई अर्धवट राहते आणि त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलात उतरतं. डिपस्टिकला डिझेलचा वास आला तर ते ऑइल तारीख न पाहता बदलायला हवं. फिलर कॅपखाली (ऑइल भरायच्या झाकणाखाली) दुधाळ साय दिसली तरी लगेच हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरू नये. छोट्या फेऱ्यांत साचलेल्या बाष्पानेही ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होत असेल, तर मात्र गाडी जागेवर उभी करावी.

ग्रेडबद्दल तर मला कळकळीने सांगायचं आहे. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा, म्हणजे पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. “जुनी गाडी आहे, जाड टाका” हा सल्ला सर्रास मिळतो. जाड ऑइल खडखड झाकतं, धूर कमी करतं, दिवा विझवतं, आणि म्हणूनच विकायच्या गाडीत ते कधीकधी मुद्दाम भरलेलं असतं. काही इंजिनांत टायमिंग बेल्टच (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा) ऑइलात बुडून फिरतो. तिथे चुकीच्या ऑइलने बेल्टचे तुकडे पडतात आणि तेच जाळीवर जाऊन बसतात. डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. पुस्तिकेत लिहिलेलं असतं ते याचसाठी.

आता गाडी घ्यायची झाली तर मी आधी फोन करून “इंजिन गार ठेवा” असं सांगेन आणि पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवून पाहीन. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी येईन. पहिल्या स्टार्टचा धूर मागे उभं राहून बघेन. फिलर कॅप उघडून टॉर्चने आत पाहीन, कारण डिपस्टिकवरचं ऑइल अर्ध्या तासात बदलता येतं, टॅपेटवर चढलेला काळा गाळ येत नाही. आणि प्रत्येक ऑइल बदलाचं बिल मागेन : तारीख, किलोमीटर, ग्रेड. बिलं नसतील तर तो धोका किमतीतून वजा झाला पाहिजे. अशा गाडीला फ्लश मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चेंबर उतरवून जाळी धुवावी आणि पहिली दोन-तीन ऑइलं लवकर बदलावीत.

गॅरेज चालवणाऱ्यांत प्रामाणिक माणसं पुष्कळ आहेत. माझी गाडी ज्याने पुन्हा उभी केली तो त्यांतलाच. त्याच्या अंदाजपत्रकावर कामाच्या आधी दाबाचे आकडे लिहिलेले होते, आणि काढलेला प्रत्येक पार्ट त्याने खोक्यात घालून मला दिला. हीच पद्धत सगळीकडे रूढ व्हावी. आपण वाहन-पुरवणीत एखाद्या आठवड्याला जुन्या गाड्यांसाठी जागा काढलीत आणि जाणत्या मेकॅनिकांकडून या तपासण्या कशा करतात ते छायाचित्रांसह लिहून घेतलंत, तर माझ्यासारख्या वाचकांना त्याचा उपयोग होईल. ती बुजलेली जाळी मी ठेवली आहे. छायाचित्रासाठी हवी असल्यास पाठवून देईन.

आपली,
एक नियमित वाचक