बिनतारी संदेशांची गुप्तता : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

संवेदनशील मोहिमेत वायरलेसवरील संदेश अनेकदा फुटतात ते शत्रूने संकेत उलगडल्यामुळे नव्हे, तर आपल्याच सैनिकाला सुरक्षित साधन वेळेवर न मिळाल्यामुळे. याकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१४ मध्ये, जर्मनीच्या पूर्व प्रशिया प्रांतात शिरलेल्या रशियन सैन्याकडे तारायंत्रासाठी पुरेशी तार नव्हती आणि सांकेतिक लिपीच्या किल्ल्या सर्व तुकड्यांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. परिणामी रेनेनकाम्फ आणि सॅमसोनोव्ह या रशियन सेनापतींच्या सैन्यांच्या हालचालींचे आदेश वायरलेसवरून उघड्या भाषेत गेले आणि ते जर्मनांनी ऐकले. रेनेनकाम्फ लगेच मदतीला येत नाही, हे कळल्यावर हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ या जर्मन सेनानींनी जवळजवळ सारे बळ सॅमसोनोव्हवर एकवटले. टॅननबर्गच्या त्या लढाईत सुमारे ९० हजार रशियन सैनिक कैद झाले. ते संदेश पाठवणाऱ्यांना मी बेशिस्त म्हणणार नाही, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता.

२०२२ मध्ये युक्रेनमध्ये रशियन तुकड्या पुन्हा साध्या संचांवर उघड बोलत होत्या. पुढे रशियाच्या ताब्यातील पूर्व युक्रेनमधल्या माकीव्का येथे १ जानेवारी २०२३ रोजी युक्रेनने केलेल्या हल्ल्यात आपले ८९ सैनिक मारले गेल्याचे सांगताना रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने सैनिकांच्या मोबाइल वापराकडे बोट दाखवले. संदेशातील शब्द कळले नाहीत तरी प्रक्षेपण कोठून होते हे दिशाशोधक यंत्रांना कळते, आणि एका जागेवरून वर्दळ वाढली की तेथे मुख्यालय असल्याचा अंदाज बांधता येतो. कारगिलच्या वेळी, मे १९९९ मध्ये, बीजिंगमध्ये असलेले पाकिस्तानचे तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मुशर्रफ यांचे दूरध्वनीवरील संभाषण आपण पकडले होते. तसेच तत्पर कान आपल्याकडेही लागलेले आहेत, असे धरूनच चालले पाहिजे.

भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी सॉफ्टवेअर-आधारित रेडिओ संच देशातच बनवते आणि लष्करात 'संभव' हे सुरक्षित मोबाइलही आले आहेत, याचे मला मनापासून समाधान आहे. माझी विनंती एवढीच की, नवे संच मुख्यालयांआधी सर्वांत पुढच्या तुकड्यांना मिळावेत आणि ते हातमोजे घालून, अंधारात, थंडीने बॅटरी उतरत असतानाही चालवता येतील याची परीक्षा त्या जवानांकडूनच व्हावी. प्रत्येक मोठ्या सरावात सिग्नल कोअरच्या (लष्कराच्या संदेशवहन दलाच्या) एका गटाला शत्रूच्या जागी बसवून आपलेच बोलणे ऐकवावे आणि त्याची नोंद सेनानायकांपुढे ठेवावी. ही नोंद शिक्षेसाठी वापरली जाऊ नये; जवान सुरक्षित संच बाजूला ठेवून मोबाइलकडे कोणत्या क्षणी आणि कोणत्या अडचणीमुळे वळला, हे तिच्यातून शोधावे.

कळावे,

आपला नम्र,
एक नागरिक