कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशींना

ती. मावशी,
नमस्कार.

हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. भराभर वाचू नकोस म्हणावं.

खंडेनवमीची संध्याकाळ. कोथरूडच्या त्या कोपऱ्यावर तुमच्यापुढे झेंडूचा गुडघाभर ढीग. दसऱ्याची दुपार उलटली की त्या झेंडूला कुणी विचारत नाही. जो काही धंदा व्हायचा तो त्या रात्रीत आणि सकाळी. नेमकी तेव्हाच मी स्कूटरसकट तुमच्यासमोर आडवी झाले.

गल्लीच्या तोंडाशी ‘थांबा’ची लाल पाटी आहे. कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सनं ती निम्मी झाकली होती, नुसता ‘बा’ दिसत होता. पण ही पाटी अष्टकोनी असते ती त्यासाठीच, अक्षरं नाही दिसली तरी आकारावरून कळावी. तिथं गाडी पूर्ण उभी करायची, दोन्हीकडे बघायचं, मग निघायचं. ब्रेकला पाय लावून तसंच पुढे सरकणं म्हणजे थांबणं नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यानं ही पाटी न जुमानणं सिग्नल तोडण्याच्याच रांगेत, धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये बसवलंय. पहिल्या गुन्ह्यालाच १,००० ते ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. त्या गाडीवाल्यानं वाचवले असतील तीन सेकंद.

काच खाली करून “दिसलं नाही” म्हणाला आणि गेला.

माणसं जमली, चार मोबाइल वर झाले. “शूटिंग काय करताय, रिक्षा थांबवा!” हा तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो. फुलांवरचं ओलं फडकं काढून तुम्ही माझा हात गळ्यात बांधलात. ढीग शेजारच्या नारळवाल्याच्या भरवशावर टाकून माझ्याबरोबर रिक्षात बसलात. कॉलरबोन मोडलं होतं. माझे यजमान येईपर्यंत दोन तास तुम्ही त्या बाकावरून हलला नाहीत.

पोलिसांचं झंझट नको म्हणून लोक मागे सरतात, त्यांना मी फार दोष देत नाही. खरं तर मदत करणाऱ्यावर नाव सांगायचीही सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये तसे नियम मान्य केले, पुढे कायद्यात १३४-अ हे कलमच आलं. तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी तुम्ही आपण होऊन चौकीत गेलात आणि गाडीचे शेवटचे चार आकडे सांगितलेत. रोजचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्या बाईच्या ते बरे लक्षात राहिले!

झेंडूचं किती नुकसान झालं, हे विचारलं तर तुम्ही रागावलात. नारळवाल्याकडून कळलं, निम्मा ढीग सकाळी मिळेल त्या भावाला काढावा लागला. पाकीट पुढे केलं तर ते माझ्याच पिशवीत परत कोंबलंत.

परवा गजरा घेतला, त्याचे मात्र वीस रुपये मोजून घेतलेत. बरं वाटलं.

तुमची,
स्कूटरवाली