महिला रग्बी संघाच्या पावसाळी हंगामासाठी मदतीचे आवाहन

मंडळाचे सर्व आजी-माजी सभासद, देणगीदार, हितचिंतक आणि परळ-लालबाग विभागातील रहिवासी यांस,

सप्रेम नमस्कार.

पाऊस तोंडावर आला आहे आणि मुंबईत रग्बीचा हंगाम पावसाळ्यातच असतो. उन्हाळ्यात आपल्या मैदानांवर एक टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणे) झाला तरी कोपर-गुडघे सोलवटून निघतात. यंदाचा हंगाम आपल्यासाठी मोठा आहे. आजवर आपल्या मुली सात जणींचे रग्बी खेळल्या. या वर्षी मंडळाच्या नावाने प्रथमच पंधरा जणींचा संघ उतरणार आहे. सातच्या खेळात सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात. पंधराचा सामना पूर्ण ८० मिनिटांचा असतो, स्क्रममध्ये, म्हणजे चेंडूसाठी खांद्याला खांदा लावून केलेल्या रेटारेटीत, आठ जणींना आठ जणींशी भिडावे लागते आणि राखीव धरून तेवीस मुली तयार ठेवाव्या लागतात. तेवीस मुली आपल्याकडे आहेत. तेवीस जोडी बूट नाहीत.

हा संघ कसा उभा राहिला हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे, पण टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी लिहिते. आपले मंडळ मूळचे कबड्डीचे. मुलींचा कबड्डी संघ विभागात दबदबा राखून होता. त्यांतल्याच काही जणी एकदा आझाद मैदानाजवळ सामना आटोपून परतताना बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणापाशी थांबल्या आणि आत चाललेले रग्बी पाहत राहिल्या. कंबरेत हात घालून गडी पाडायचा, हे तर आपल्याला येते, असे त्या एकमेकींना म्हणाल्या. ते खरेच होते. पुढे जिमखान्याकडून खेळलेले एक गृहस्थ शनिवारी शिकवायला येऊ लागले, तेव्हा पकड शिकवायला त्यांना फारसे कष्ट पडले नाहीत. चेंडू हाताने फक्त मागेच द्यायचा, पुढे नाही, हे अंगवळणी पडायला मात्र महिने गेले.

पहिला लांबुळका चेंडू कबड्डी संघाच्या माजी कप्तान ताईंनी स्वतःच्या पगारातून आणला. त्या चेंडूची शिवण उसवली आहे, तरी तो मंडळाच्या कपाटात चषकांच्या शेजारी ठेवला आहे. नाक्यावरच्या आपल्या शिंपीकाकांनी जर्सींना दुहेरी शिवण घातली आणि टॅकलमध्ये फाटून आलेली प्रत्येक जर्सी रातोरात शिवून दिली. मजुरीचे नाव त्यांनी आजतागायत काढलेले नाही. खानावळवाल्या काकूंनी सरावानंतर मुलींना उकडलेली अंडी आणि केळी दिली, महिनोन्‌महिने दिली, आणि हिशेब करायला गेलो की वही मिटून ठेवली. गिरणीतून निवृत्त झालेले आपले अण्णा पेन्शन झाली की न सांगता पाकीट आणून देत. अण्णा आज नाहीत. त्यांच्या सूनबाई ते पाकीट अजून पाठवतात. रुग्णालयातली रात्रपाळी संपवून थेट मैदानावर येणाऱ्या, खांदे-घोटे बांधून देणाऱ्या आपल्या परिचारिका वहिनींचे ऋण तर कशानेच फिटायचे नाही. या माणसांमुळे आपल्या तीन मुली राज्याच्या निवड चाचणीपर्यंत पोहोचल्या.

रग्बी हा श्रीमंतांचा खेळ, असे काही जण म्हणतात. पण त्याच जिमखान्यासमोर फॅशन स्ट्रीटवर राहणाऱ्या मुलांना तिथे रग्बी खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी यांनी हा खेळ शिकवला आणि त्यातूनच १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही गरीब मुलांसाठी काम करणारी संस्था सुरू झाली. महिला रग्बीचा इतिहास तर सगळा स्वतःच्या खिशाला खार लावून लिहिलेला आहे. बायकांचा पहिला विश्वचषक १९९१ मध्ये वेल्समध्ये झाला तो चार जणींनी पुढाकार घेतला म्हणून. खेळाची जागतिक संघटना तेव्हा पाठीशी नव्हती. खेळाडू स्वखर्चाने आल्या. सोव्हिएत संघाच्या मुली विकण्यासाठी व्होडका घेऊन आल्या होत्या, कारण जेवणा-राहण्याला पैसे नव्हते. त्याच स्पर्धेच्या वाटेवरून पुढे २०२५ चा अंतिम सामना ट्विकनहॅमला ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झाला. आणि आपला देश? भारतीय महिला पंधराच्या खेळात २०१८ मध्ये सिंगापूरमध्ये पहिल्यांदा उतरल्या आणि हरल्या. पुढच्याच वर्षी मनिलात त्यांनी सिंगापूरच्याच संघाला २१-१९ असे हरवले, शेवटच्या मिनिटांत ओडिशाच्या सुमित्रा नायकने मारलेल्या पेनल्टीवर. संघाची कप्तान होती पुण्याची वाहबिझ भरुचा. आपल्या मुलींनी त्या विजयाची बातमी कापून मंडळाच्या भिंतीवर लावली आहे.

आता एक गोष्ट लिहावी की नाही, यावर समितीत बरीच चर्चा झाली. पण मनात ठेवण्यात अर्थ नाही. गेल्या हंगामात एका कंपनीने जर्सींचा खर्च देण्याचे कबूल केले. आम्ही त्यांचे नाव छापून घेतले आणि त्यानंतर त्यांनी फोन उचलणे बंद केले. तो खर्च समितीच्या बायकांनी आपसात वाटून घेतला. तेही एक वेळ सोडून देऊ, ती बाहेरची माणसे. पण गणपतीच्या वर्गणीला आणि दहीहंडीच्या बॅनरला ज्या घरांनी कधी नाही म्हटले नाही, त्याच घरांत मुलींसाठी पावती पुस्तक घेऊन गेलो तेव्हा ‘बघू’ ऐकावे लागले. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात पुरुषांची रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हा विभागातली बरीच मंडळी हौसेने गेली. त्याच पावसाळ्यात आपल्या मुली खेळल्या तेव्हा मैदानाच्या कडेला त्यांच्या आयांखेरीज कोणी नव्हते. मुलींनी ते पाहिले आहे. पैसे नसतील तर निदान सामन्याला या, ही आमची हात जोडून विनंती आहे.

तपशील: बूट, माउथगार्ड (दात सांभाळणारे कवच), अपघात विमा आणि प्रवास मिळून एका मुलीचा हंगामाचा खर्च ₹५,०००, म्हणजे तेवीस जणींचे ₹१,१५,०००, टॅकलच्या सरावाच्या बॅगा, पाच नंबरचे चेंडू, प्रथमोपचार पेटी व मैदानभाडे ₹६०,०००, एकूण ₹१,७५,०००, पैकी ₹४०,००० जमा. एका मुलीचा खर्च उचलल्यास उत्तमच, ₹१०० ही चालतील. रोख वा धनादेश (मंडळाच्या नावे) कार्यालयात रोज सायंकाळी ७ ते ९, रविवारी सकाळीही. क्यूआर कोड दारावर लावला आहे, पैसे पाठवल्यावर खजिनदारांकडून पावती अवश्य घ्यावी. वापरलेले पण धड असलेले स्टडचे बूट (४ ते ७ नंबर) चालतील, माउथगार्ड मात्र नवेच हवेत. बॅगांची ऑर्डर द्यायची असल्याने ५ जूनपर्यंत मदत पोहोचावी. हिशेब गणेशोत्सवापूर्वी फलकावर लागेल.

आपली नम्र,
सरचिटणीस, महिला विभाग
(समितीच्या वतीने)

ता.क. सरावाला येण्या-जाण्यासाठी मुलींना रात्री सोडायला कोणाची टेम्पो वा व्हॅन मिळू शकत असेल तर कार्यालयात आजच कळवावे.