टाउनशिपला ‘वसाहत’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडून येणाऱ्या बातम्यांत ‘टाउनशिप’ हा शब्द वारंवार भेटतो. निवडणूक असो, वादळ असो की पवनचक्क्यांवरून पेटलेला वाद. मराठीत त्याची कधी ‘वसाहत’ होते, कधी ‘उपनगर’, तर कधी चक्क ‘शहर’. त्यातच आपल्याकडे टाउनशिप म्हटले की पहारेकरी आणि क्लबहाउस असलेला बिल्डरचा प्रकल्प डोळ्यांसमोर येतो. ओहायो, इलिनॉय किंवा मिनेसोटाच्या ग्रामीण टाउनशिपमध्ये असते ते बहुधा मका, सोयाबीन आणि एकमेकांपासून लांब लांब विखुरलेली घरे. फाटक दिसलेच तर ते गुरांसाठी असते.

घोटाळ्याचे मूळ असे की या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदतात. एक मोजणीची, दुसरी कारभाराची. आपल्या वाचकाला हे समजावणे सोपे आहे, कारण महसुली गाव वेगळे आणि ग्रामपंचायत वेगळी हे त्याला ठाऊक असते. गट ग्रामपंचायतीत तीन-चार मौजे असतात, तसेच तिकडेही मोजणीची टाउनशिप आणि कारभाराची टाउनशिप यांच्या हद्दी कुठे तंतोतंत जुळतात, कुठे नदीमुळे किंवा शहरामुळे तुटतात. मोजणीच्या टाउनशिपला नंबर असतो, कारभाराच्या टाउनशिपला नाव.

आधी मोजणी. २० मे १७८५ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने जमिनीचा कायदा केला आणि ओहायो नदीच्या काठी, पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीवर, आजच्या ईस्ट लिव्हरपूलजवळ थॉमस हचिन्स यांच्या देखरेखीखाली मोजणी सुरू झाली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन म्हणजे टाउनशिप. तिचे एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. सगळी मिळून २३,०४० एकर. त्यांतला १६ नंबरचा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखीव ठेवला गेला. सेक्शनचे नंबर १७९६ च्या कायद्यापासून ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात. पहिली ओळ पश्चिमेकडे १ ते ६, मग खाली उतरून पूर्वेकडे ७ ते १२, पुन्हा पश्चिमेकडे, आणि शेवटचा ३६ आग्नेय कोपऱ्यात. बैल तास घालून बांधावर वळतो, तसेच.

आपल्याकडे आधी गावे होती, वहिवाट होती, बांध होते. मोजणी मागून आली आणि टिपणांत त्यांची वळणे उतरवून घेतली. तिकडे मूळ रहिवाशांकडून तहांनी आणि लढायांनी घेतलेल्या भूमीवर आधी रेघा मारल्या गेल्या, मग त्या चौकटीत शेतकरी बसवले गेले. म्हणून विमानातून आयोवा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो आणि ओढे-नाले मात्र त्या पटाला न जुमानता वाहतात.

जमीन मोजायला साखळी वापरली ती गुंटरची, ६६ फुटांची. ८० साखळ्यांचा मैल, १० चौरस साखळ्यांचा एकर. ही आपल्याला परकी नाही. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिचीच निम्मी, ३३ फुटांची, १६ आण्यांची साखळी होती आणि तिचा चौरस म्हणजे आपला गुंठा. ३३ गुणिले ३३, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. तिकडचा शेतकरीही ‘फॉर्टी’ म्हणतो, पण त्याचे चाळीस हे गुंठे नव्हेत, एकर असतात. बऱ्याच टाउनशिप-रस्त्यांची हद्द आजही ६६ फूट, म्हणजे बरोबर एक साखळी आहे.

दस्तातला पत्ता वाचताना मराठी माणूस हमखास अडतो, कारण इंग्रजीत सर्वांत लहान तुकडा आधी येतो. तो शेवटाकडून वाचावा. मराठीच्या ‘चा-ची-चे’ने तो आपोआप सुलट होतो. उदाहरण घ्या: तिसऱ्या मुख्य रेखावृत्तावरील (मोजणीची उत्तर-दक्षिण मूळ रेषा) टाउनशिप ३ उत्तर, रेंज २ पूर्व, यातील सेक्शन १४ च्या वायव्य पावाचा आग्नेय पाव. पायारेषेच्या (मोजणीची पूर्व-पश्चिम मूळ रेषा) उत्तरेला तिसरी ओळ, म्हणजे तिची दक्षिण हद्द पायारेषेपासून १२ मैलांवर. रेखावृत्ताच्या पूर्वेला दुसरा रकाना, म्हणजे पश्चिम हद्द ६ मैलांवर. सेक्शन १४ वरून तिसऱ्या ओळीत, पूर्वेकडून दुसरा. आकडे जोडले की तुकडा पायारेषेपासून साडेपंधरा ते पावणेसोळा मैल उत्तरेला आणि रेखावृत्तापासून सव्वादहा ते साडेदहा मैल पूर्वेला निघतो. क्षेत्र ६४० चा पाव आणि त्याचा पाव, ४० एकर. इथे एक ‘आणि’ घुसला की घात होतो. ‘वायव्य पाव आणि आग्नेय पाव’ लिहिले तर तेच क्षेत्र ३२० एकर होते!

रेघा कागदावर काटकोनात असल्या तरी पृथ्वी गोल आहे. उत्तरेला जावे तशी रेखावृत्ते जवळ येतात. ४२ अंशांवर सहा मैलांच्या टाउनशिपची उत्तर बाजू दक्षिण बाजूपेक्षा सुमारे ४३ फुटांनी आखूड भरते. ही तूट साठत जाऊ नये म्हणून नंतरच्या मोजणीत दर २४ मैलांवर दुरुस्तीची रेषा घेतली आणि तिथून रुंदी पुन्हा सहा मैल धरली. परिणामी मैलोनमैल नाकासमोर धावणारा रस्ता त्या रेषेवर अचानक उजवीकडे वळतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा डावीकडे. टाउनशिपच्या आतली चूकभूल उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांवर ढकलायची असा नियम होता, त्यामुळे सहाव्या सेक्शनला दोन्हीकडून कात्री लागते. तिथे ‘पाव सेक्शन म्हणजे १६० एकर’ हे गणित धरून चालू नये; मूळ नकाशावरचा आकडा पाहावा. शिवाय मूळ मोजणीदाराने रोवलेला कोपरा आजच्या उपकरणांनी चुकीचा ठरला, तरी कायद्याने तोच खरा. दगड हलला की भांडण, हे तिकडेही आहेच.

ओहायोवर मात्र हे नियम डोळे झाकून लावू नयेत. हे राज्य म्हणजे मोजणीची प्रयोगशाळाच. ईशान्येकडे कनेटिकट राज्याने स्वतःसाठी राखलेल्या भागात टाउनशिप पाच मैलांची आहे, तर सायोटो आणि लिटल मायामी नद्यांमधल्या व्हर्जिनिया राज्याने आपल्या सैनिकांसाठी राखलेल्या पट्ट्यात चौकोनच नाहीत, झाडे आणि ओढे सांगणाऱ्या जुन्या चतु:सीमा आहेत.

आता कारभार. इथे पहिला प्रश्न एकच विचारावा: राज्य कोणते? टाउनशिपला अधिकार राज्याच्या कायद्याने मिळतात आणि शेजारच्या राज्यात ते निराळे असतात. इलिनॉयच्या १०२ काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा घटक) ८५ मध्ये टाउनशिप-कारभार आहे, उरलेल्या १७ मध्ये तो नाहीच. जिथे आहे तिथे सुपरवायझर (प्रमुख), क्लार्क आणि चार ट्रस्टी (मंडळाचे सदस्य) असतात. गरजूंना मदत, मालमत्तेचे मूल्यांकन आणि रस्ते-पूल ही तीन कामे. रस्त्यांसाठी स्वतंत्र निवडून आलेला हायवे कमिशनर असतो, म्हणून खड्ड्यांबद्दल सुपरवायझरला जाब विचारणे व्यर्थ. इंडियानात एक ट्रस्टी (तिथे तोच प्रमुख) आणि तिघांचे मंडळ. रस्ते काउंटीकडे, पण घरभाडे-वीजबिलाची मदत, अग्निशमन आणि जुन्या दफनभूमींची निगा ट्रस्टीकडे. आयोवात रस्ते केव्हाच काउंटीकडे गेले. ट्रस्टींकडे उरले अग्निशमन, दफनभूमी आणि एक मजेदार काम, दोन शेतांमधल्या कुंपणाचा वाद जागेवर जाऊन मिटवण्याचे. मिशिगनमधल्या १,२४० टाउनशिपांचे रस्ते १९३१ च्या मॅकनिट कायद्याने काउंटीकडे गेले, पण निवडणुका घेणे, मालमत्ता कर गोळा करणे आणि मोठ्या प्रमाणावर जमीनवापराचे नियम त्यांच्याकडेच राहिले. याच राज्यातली क्लिंटन टाउनशिप २०२० च्या जनगणनेत एक लाखावर गेली आणि तरी कायद्याने ती शहर नाही. म्हणजे ‘टाउनशिप म्हणजे खेडे’ हेही सरसकट खरे नाही.

मिनेसोटा मला यांत सर्वांत रोचक वाटतो. मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी तिथे टाउनशिपांच्या वार्षिक सभा भरतात. जमलेले मतदार आपल्यातूनच सभेचा संचालक निवडतात, मंडळाने मागच्या वर्षीचा हिशेब मांडायचा, आणि मग रस्त्यांसाठी इतके डॉलर, अग्निशमनासाठी इतके, अशी पुढच्या वर्षीच्या कराची रक्कम मतदारच हात वर करून ठरवतात. बहुतेक ठिकाणी मंडळ तिघा सुपरवायझरांचे असते आणि मतदारांनी मंजूर केलेल्या रकमेपेक्षा जास्त कर ते आपल्या मर्जीने लावू शकत नाही. आपल्या ग्रामसभेशी तुलना करायचीच तर या मुद्द्यावर करावी. आपल्याकडे कर बसवते ग्रामपंचायत, तेही शासनाच्या नियमांतल्या दरांच्या मर्यादेत. ग्रामसभा विकासकामांची यादी मंजूर करते, पण करपट्टीचा एकूण आकडा तिच्या हात वर करण्याने ठरत नाही. माझ्या मते तिकडच्या पद्धतीत उत्तरदायित्व अधिक आहे, मात्र तिची एक अडचण कुणी सांगत नाही. मार्चमध्ये मंजूर झालेला कर काउंटी पुढच्या वर्षी गोळा करते. मालमत्ता कराचा पहिला हप्ता मेच्या मध्यात, आणि पैसा टाउनशिपच्या खात्यात येईपर्यंत उन्हाळा उजाडतो. मंजुरीपासून सव्वा वर्ष गेलेले असते. मध्येच पुराने मोरी वाहून गेली तर शिल्लक लागते; म्हणून शिलकीवर टीका करणारा नवखा मतदार आणि ती जपणारा जुना सुपरवायझर यांची दरवर्षी जुंपते.

पैसा जातो मुख्यतः रस्त्यात. प्रत्येक सेक्शनच्या कडेने रस्ता धरला तर टाउनशिपच्या आत ६० मैल आणि हद्दीवर २४ मैल होतात. हद्दीवरचे शिवरस्ते शेजाऱ्याशी निम्मे वाटून घेतले तरी एकूण ७२ मैल. (प्रत्यक्षात काही राज्याचे, काही काउंटीचे असतात, काही कधी उघडलेच गेले नाहीत.) यांतले पुष्कळसे खडीचे. एक मैल लांब, २० फूट रुंद रस्त्यावर फक्त दोन इंच खडी टाकायची तर १७,६०० घनफूट, म्हणजे १७६ ब्रास लागते. ती टाकून भागत नाही. मधोमधपासून दोन्ही कडांकडे फुटाला अर्धा इंच उतार ठेवावा लागतो, नाहीतर पाणी रस्त्यातच साचते. मोटर ग्रेडर (पात्याने रस्ता सपाट करणारे यंत्र) चालवणाऱ्याने घाई केली, ताशी पाच मैलांच्या वर गेला, की पाते उसळते आणि रस्त्यावर आडव्या लाटा उमटतात. खडीत बांधून ठेवणारी बारीक चिकणमाती कमी असली आणि वळणाजवळ गाड्या करकचून ब्रेक मारत असल्या, तर त्याच लाटा ग्रेडर गेल्यावर आठवड्याभरात परत येतात. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे कडेला खडीचा वरंबा सोडणे. पाणी त्या वरंब्याला अडते, गटारात उतरत नाही आणि रस्त्याच्या कडेनेच नवा ओहोळ पाडते. वसंतात वरचा थर वितळतो, खालचा गोठलेलाच असतो, पाण्याला वाट नसते आणि रस्त्याची लापशी होते. म्हणून त्या दिवसांत जड ट्रकांवर वजनाची बंदी लागते. धान्याच्या ट्रकवाल्यांचा संताप आणि मंडळाची बंदी यांची बातमी आली तर तिच्यामागे हे कारण असते.

टाउनशिप मोडीत काढाव्यात ही मागणीही जुनी आहे. इंडियानात २००७ साली सरकारने नेमलेल्या आयोगाने तशी शिफारस केली, पण टाउनशिप टिकल्या. इलिनॉयमध्ये इव्हन्स्टनच्या मतदारांनी २०१४ मध्ये आपली टाउनशिप विसर्जित केली, आणि ते पटण्यासारखे होते, कारण तिची हद्द आणि शहराची हद्द एकच होती. बाहेर शेतीच्या मुलखात हा हिशेब इतका सरळ नाही. कार्यालय गेले तरी रस्ते तेवढेच राहतात. टाउनशिपचा खरा धोका मला दुसरा दिसतो. शेजारचे शहर हद्दवाढीत गोदामे आणि दुकाने असलेला रस्त्याकडेचा तुकडा उचलते, तेव्हा कर देणारी मालमत्ता जाते आणि मागचे लांबच लांब खडीचे रस्ते टाउनशिपच्या माथी राहतात. हद्दवाढीचे हे दुखणे आपल्या महानगरांलगतच्या ग्रामपंचायतींना वेगळे सांगायला नको.

तेव्हा विनंती एवढीच. शब्द ‘टाउनशिप’ असाच ठेवावा आणि सोबत राज्याचे नाव न चुकता द्यावे. ‘टाउनशिपने पवनचक्क्या रोखल्या’ असे लिहिण्यापूर्वी तिला जमीनवापराचा अधिकार आहे का ते पाहावे. आयोवात तो काउंटीकडे असतो. मिशिगनमध्ये टाउनशिपकडे असतो, पण २०२३ च्या कायद्याने मोठ्या पवन आणि सौर प्रकल्पांना ठरावीक परिस्थितीत राज्याच्या आयोगाकडे जाण्याची वाट मोकळी झाली आहे. आणि बातमी विस्कॉन्सिनची असेल तर जास्तच जपावे: तिथे याच घटकाला ‘टाउन’ म्हणतात, त्याच नावाचे शहर किंवा व्हिलेज (छोटी नगरपालिका) शेजारी असू शकते, आणि दोघांचे प्रमुख, कर आणि रस्ते पूर्ण वेगळे असतात.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, सातारा