पेठेचा इतिहास पेठेतच सांगण्यासाठी सोलापूरकरांना आवाहन

सस्नेह नमस्कार.

आमच्या वाचनालयाची इतिहास समिती गेली तीन वर्षे सोलापूरच्या इतिहासावर व्याख्याने आणि त्यांना जोडून भजन, पोवाडे, लावणी, ओव्या असे लहान कार्यक्रम घेत आली आहे. आजवरचा सारा खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागला. येत्या वर्षाचे काम मात्र वर्गणीच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून प्रथमच आपल्या सर्वांपुढे हात पसरत आहोत. काम का वाढले आणि आपल्याकडून नेमके काय हवे आहे, हे सविस्तर सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली दोन वर्षे आमची व्याख्याने सभागृहात झाली. वक्ते अभ्यासू होते, श्रोतेही मनापासून ऐकत, पण खुर्च्यांवर बसलेली मंडळी बहुतांशी निवृत्त शिक्षक, प्राध्यापक आणि अधिकारी अशीच असत. गिरण्यांवरील व्याख्यानाला सुद्धा गिरणीत साचे चालवलेला एकही माणूस आला नाही, ही गोष्ट समितीतील प्रत्येकाला लागली. म्हणून गेल्या वर्षी तेच व्याख्यान आम्ही गिरणगावातील एका चाळीच्या अंगणात, सतरंज्या अंथरून, सायंकाळच्या जेवणानंतर ठेवले. वक्त्यांनी १८६० मध्ये शहरात आलेल्या रेल्वेपासून सुरुवात केली. कापूस आणि सूत यांची वाहतूक त्यामुळे कशी सोपी झाली, १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीने आणि नंतरच्या नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्यांनी एका बाजारपेठेच्या गावाचे कामगारांचे शहर कसे केले, हे त्यांनी मांडले. पुढे गिरण्या बंद पडल्याचा विषय निघाला तेव्हा मागे बसलेल्या बायकांनी बोलायला सुरुवात केली. किराणा दुकानातील उधारी कोणत्या महिन्यात थांबली, कोणत्या दुकानदाराने ती तरीही चालू ठेवली, घरात विड्या वळणे कधी सुरू झाले आणि मोठ्या मुलीची शाळा कधी सुटली, हे त्या एकमेकींना दुजोरा देत सांगत होत्या. वक्त्यांनी आपली वही मिटली आणि पुढचे दोन तास ते खाली सतरंजीवर बसून ऐकत राहिले.

त्या दोन तासांचे ध्वनिमुद्रण आम्ही एका साध्या मोबाइल फोनवर केले होते. शेजारच्या रस्त्यावरील वाहनांच्या आवाजात आणि कर्ण्याच्या घुमण्यात त्यातील जवळपास काहीच ऐकू येत नाही. त्या रात्री बोललेल्यांपैकी काही जणी पंचाहत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्यांच्याकडे पुन्हा जाता येईल आणि आम्ही जाणारही आहोत, पण अंगणात शेजारणींसमोर बोलताना जे निघाले ते घरात, यंत्रासमोर एकटे बसवून निघेल अशी खात्री कुणालाच वाटत नाही. ही चूक आमची होती आणि ती पुन्हा होऊ नये, हे या आवाहनाचे पहिले कारण आहे.

दुसरे कारण भाषेचे आहे. सोलापूरचा इतिहास केवळ मराठीत सांगितला तर शहराचा मोठा भाग त्याच्या बाहेर राहतो. ज्यांनी हे गाव वसवले असे आपण मानतो, त्या श्री सिद्धरामेश्वरांची, म्हणजेच सिद्धेश्वरांची, बाराव्या शतकातील वचने कन्नडमध्ये आहेत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या चादरीमागचे ताणे, धोटे आणि जकार्ड (नक्षी विणण्याची यंत्रणा) यांचे ज्ञान पूर्व भागातील पद्मशाली घरांत मुख्यतः तेलुगूत बोलले जाते, आणि मोमीन विणकरांच्या घरांत ते उर्दूत. याच गावच्या शाहीर राम जोशी यांनी मराठी लावणीत संस्कृत आणि कन्नड सहज गुंफली होती, हे आपण अभिमानाने सांगतो, मग आपल्या व्याख्यानांना एकच भाषा का पुरावी, असा प्रश्न आम्हालाच पडला. त्यामुळे या वर्षी किमान दोन कार्यक्रम तेलुगूत, एक कन्नडमध्ये आणि एक उर्दूत होईल, आणि प्रत्येक वेळी मराठीतून सारांश सांगणारी व्यक्ती शेजारी असेल.

येत्या वर्षी एकूण नऊ कार्यक्रम योजले आहेत. पहिला कार्यक्रम नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात, मार्कंडेय रथोत्सवाच्या निमित्ताने, पूर्व भागातील एका यंत्रमाग शेडमध्ये होईल. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शेड देण्याचे मालकांनी आपणहून कबूल केले आहे. माग बंद असतील, पण ते समोर दिसत असताना विणकामाविषयी बोलणे निराळेच असते, असे आम्हाला वाटते. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वरांची संक्रांतीची यात्रा, आटोपल्यावर, सिद्धेश्वरांनी शहराभोवती स्थापिलेल्या ६८ लिंगांपैकी काहींच्या दर्शनाची एक दिवसाची पायी फेरी निघेल. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतील मानाच्या उंच काठ्या, पेलणारे दोन अनुभवी मानकरी वाटेत यात्रेतील विधी, बाराबंदीचा पोशाख आणि अक्षता सोहळ्यामागील कुंभारकन्येची कथा सांगतील. थंडीतच एक सहल हत्तरसंग कुडलला जाईल. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील तेथील मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधील शिलालेख आहे. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते, आणि तो उजेडात आणण्याचे श्रेय आपल्याच शहरातील शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांना जाते. शाळेत मराठी शिकणाऱ्या आपल्या मुलांपैकी फार थोड्यांनी हा दगड पाहिला आहे, म्हणून या सहलीत विद्यार्थ्यांकडून काहीही शुल्क घ्यायचे नाही असे ठरले आहे.

१९३० च्या लढ्यावरील कार्यक्रमासंबंधी समितीत बरीच चर्चा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली, आणि दरवर्षी त्या दिवशी आपण चार हुतात्मा पुतळ्यांना हार घालतो. पण तेच दिवस यात्रेचे असल्याने शहराचे मन तिकडे लागलेले असते आणि अभिवादनापलीकडे बोलणे होत नाही. शिवाय ज्या घटनांसाठी त्यांना शिक्षा झाली त्या मे महिन्यातील आहेत. महात्मा गांधींना ५ मे १९३० रोजी अटक झाली, ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची (ज्यांच्या रसाची दारू होते ती) झाडे तोडण्यावरून पोलिसांशी संघर्ष होऊन गोळीबार झाला आणि त्यात शंकर शिवदारे यांनी प्राण गमावले. त्यानंतरचे काही दिवस सरकारी यंत्रणा नाहीशी झाली आणि गावाची व्यवस्था लोकांनीच पाहिली. १२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. डोक्यावर गांधी टोपी घालणे हाही त्या काळात गुन्हा ठरला होता. हे सारे ज्या जागी घडले त्याच जागी, ८ मे रोजी संध्याकाळी ऊन उतरल्यावर, रूपाभवानी परिसरात हे व्याख्यान होईल. मुलांना तेव्हा सुट्टी असेल. चौघा हुतात्म्यांच्या घरी आणि मोहल्ल्यांत चार निरनिराळ्या भाषा आणि चालीरीती होत्या, ही गोष्ट मुलांना पुस्तकातून कळण्यापेक्षा त्या रस्त्यावर उभे राहून कळावी, अशी आमची इच्छा आहे.

सेटलमेंटवरील कार्यक्रमाचा उल्लेख मुद्दाम स्वतंत्रपणे करीत आहोत. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. त्यातूनच पुढे आपल्या शहरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत उभी राहिली. तेथील माणसे हजेरी देऊन गिरण्यांत कामाला जात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्याने पुसला गेला, तरी तो भाग आजही सेटलमेंट या नावानेच ओळखला जातो आणि शहराच्या इतिहासावरील भाषणांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो. या विषयावर बाहेरचा वक्ता बोलावू नका, आम्ही बोलू, असे तेथील तरुणांनी आम्हाला सांगितले. समितीने ते आनंदाने मान्य केले. बोलण्याचा मान आणि मानधन दोन्ही त्यांचेच राहील.

उरलेले कार्यक्रम भुईकोट किल्ला, विडी कामगार स्त्रिया, डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि शहरातील पेठांची नावे या विषयांवर असतील.

आता खर्चाविषयी. मंडप, सतरंज्या, ध्वनिक्षेपक, वक्त्यांचा आणि कलावंतांचा प्रवासखर्च व मानधन धरून एका कार्यक्रमाला सरासरी ९,००० रुपये लागतील, म्हणजे नऊ कार्यक्रमांचे ८१,००० रुपये होतात. चांगला रेकॉर्डर, दोन माइक आणि मुद्रणे जपून ठेवण्याची सोय यासाठी ३५,००० रुपये लागतील. हत्तरसंग कुडलच्या सहलीत विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी १२,००० रुपये, आणि वर्षअखेरीस या कार्यक्रमांतून जमलेल्या आठवणींची मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार लिप्यांतील पुस्तिका छापण्यासाठी ४०,००० रुपये अपेक्षित आहेत. एकूण १,६८,००० रुपयांपैकी ४६,००० रुपये सभासदांनी जमवले आहेत. उरलेल्या १,२२,००० रुपयांसाठी हे आवाहन आहे. रक्कम कमी पडली तर पुस्तिका पुढच्या वर्षावर ढकलू, मात्र ध्वनिमुद्रणाच्या खर्चाला कात्री लावणार नाही.

देणगी कितीही लहान असली तरी तिची पावती दिली जाईल, आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी वाचनालयाच्या सूचनाफलकावर लावला जाईल. आमच्या देणग्यांवर सध्या आयकरात सवलत मिळत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. एखाद्या कार्यक्रमाचा संपूर्ण खर्च कुणाला आपल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ उचलायचा असेल तर त्यांचे नाव त्या दिवशी कृतज्ञतापूर्वक जाहीर केले जाईल, परंतु विषय आणि वक्ते ठरवण्याचा अधिकार समितीकडेच राहील. राजकीय पक्षांकडून आणि निवडणुकीला उभे राहणाऱ्या व्यक्तींकडून देणगी न घेण्याचा निर्णय सर्वानुमते झाला आहे.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांची मदत आम्हाला तितकीच हवी आहे. तेलुगू, कन्नड किंवा उर्दू ऐकून ते मराठीत लिहून देऊ शकतील अशा पाच-सहा जणांची तातडीने गरज आहे, आणि हे काम घरी बसून करता येईल. आपल्या चाळीचे अंगण, मंदिराचा किंवा दर्ग्याचा ओटा, रिकामी शेड एका संध्याकाळपुरती मिळाली तरी आमचा मोठा भार हलका होईल. आपल्या घरी गिरणीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, मार्शल लॉच्या काळातील एखादे पत्र, हातमागाचा जुना धोटा किंवा यात्रेचे छायाचित्र असेल तर कृपया ते आमच्याकडे आणून ठेवू नये, कारण जपण्याची योग्य सोय आज आमच्याकडे नाही. आपण कळवल्यास समितीचे दोन कार्यकर्ते घरी येऊन त्याचे छायाचित्र घेतील, आपण सांगाल ती माहिती लिहून घेतील, आणि वस्तू आपल्याकडेच राहील.

देणगी आणि नावनोंदणी वाचनालयाच्या कार्यालयात सोमवार सोडून रोज सायंकाळी ६ ते ८ या वेळेत स्वीकारली जाईल. देणगी द्यावी अथवा न द्यावी, पहिल्या कार्यक्रमाला मात्र आपण अवश्य यावे, आणि येताना घरातील वडीलधाऱ्यांना सोबत आणावे. त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवलेल्या असतील, आणि त्यांना नेण्या-आणण्यासाठी रिक्षाची व्यवस्था समिती करील.

आपली नम्र,
इतिहास समिती, सोलापूर